चहा सांडलाच पाहिजे

डिझाइनच्या त्या कॉलेजात दर वर्षी एक नवीन साथ यायची. एका वर्षी पिवळ्या चिठ्ठ्यांची आली. भिंती, खिडक्या, प्राचार्यांची पाण्याची बाटली, जिकडे बघावं तिकडे चिठ्ठ्या. झाडलोट करणारी मावशी महिनाभर सुपल्या भरभरून लोकांचे विचार बाहेर टाकत होती. पुढच्या वर्षी लाकडी ठोकळ्यांची आली. आणि यंदा आली नाटकाची. डिझाइन डोक्यानं नाही, देहानं शिकायचं असतं, हे प्राचार्य कुठल्याशा परिषदेत ऐकून आले आणि येताना एक माणूसच घेऊन आले.

त्या माणसाला मुलं दुसऱ्या दिवसापासून श्वास सर म्हणायला लागली. हजेरीच्या आधी श्वास, फळा पुसायच्या आधी श्वास, डबा उघडायच्या आधीसुद्धा डोळे मिटून एक दीर्घ श्वास. एका मालिकेत त्यांनी तीन भाग इन्स्पेक्टरचं काम केलं होतं आणि चौथ्या भागात त्यांना गोळी लागली होती. ते मरण त्यांच्या फार जिव्हाळ्याचं होतं. खुर्ची कशी असावी हे शिकवतानाही ते एकदा मरून दाखवायचे.

या साथीत सापडल्या ड्रॉइंगच्या बाई. आठ वर्षं त्या तिथे शिकवत होत्या आणि आठही वर्षं नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची. नवरा फिरतीच्या नोकरीत, घरी सासरे, आणि दर वर्षी एक महिना बिनपगारी. यंदा कायम नोकरीची एक जागा निघाली होती. प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "समिती येणार आहे. नव्या पद्धतीचं सादरीकरण तुमच्या वर्गानं करायचं. श्वास सर तुमच्या जोडीला. समितीला आवडलं, तर मग काय..." पुढचं वाक्य त्यांनी हवेत सोडून दिलं. बाईंना ते बरोबर कळलं.

खरं तर बाई आणि नाटक यांचा छत्तीसचा आकडा. शाळेत असताना एकदा त्यांना झाडाचं काम मिळालं होतं आणि झाड ऐन वेळी शिंकलं होतं. पण अडला हरी म्हणतात तसं झालं. त्या पहिल्या तासाला अनवाणी उभ्या राहिल्या आणि सरांच्या सांगण्यावरून पाच मिनिटं कात्री झाल्या.

पद्धत ऐकायला झकास होती. एक खरा माणूस घ्यायचा, त्याची एक खरी अडचण घ्यायची, ती अंगात भिनवायची आणि मग तिच्यावर वस्तू तयार करायची. सरांनी चौदा आठवड्यांचा तक्ता भिंतीवर लावला. अडचण अंगात भिनवायला बारा आठवडे, तालमीला एक, सादरीकरणाला एक.

"आणि वस्तू कधी करायची, सर?" बाईंनी विचारलं.

"वस्तू करत नाहीत, मॅडम," सर डोळे मिटून म्हणाले. "ती आतून येते."

खरा माणूस म्हणून बाईंनी आपल्या सासऱ्यांचं नाव सुचवलं. यात त्यांचा थोडा स्वार्थ होता, आणि तो काही लाजण्यासारखा नव्हता.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. बेचाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. आता तोच उजवा हात थरथरत होता, आणि गेल्या वर्षापासून डावाही त्याला साथ देत होता. त्यांना त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. पण दर रविवारी सकाळी दहाला टेलरच्या दुकानात चौघांची बैठक भरायची. टेलर, चष्मेवाला, छापखानेवाला आणि हे. तिथे पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या हातून चहा सांडला तो थेट कापून ठेवलेल्या कोटाच्या कापडावर. टेलर हसला, म्हणाला, जाऊ दे रे, अस्तर म्हणून लावू. पुढच्या रविवारी सासऱ्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. दोन-तीन रविवार दुसऱ्यांचे कप बघत बसले. मग जाणंच सोडलं. घरी सून पेला ओठांना लावायची आणि ते भिंतीकडे बघत प्यायचे. त्यांची नजर भिंतीवर असायची तेवढा वेळ बाईंनाही कुठे बघावं कळायचं नाही.

"कप करून देणार असतील तर येऊ देत," सासरे म्हणाले. "नुसता तमाशा करायला नकोत."

"कपच करणार आहेत, बाबा," बाईंनी सांगितलं, आणि तेव्हा ते खरं होतं.

एका शनिवारी बारा मुलं घरी आली. सरांच्या सूचनेप्रमाणे कोणी वही आणली नव्हती, कारण वहीमुळे देह झोपतो. कोणी सासऱ्यांच्या पायांकडे बघत जमिनीवर आडवं झालं, कोणी त्यांच्यासोबत श्वास घ्यायला लागलं. नाटकात नेहमी पहिला नंबर काढणारा एक उंच मुलगा, सगळे त्याला हिरो म्हणत, तो तर त्यांच्यासमोर बसून तसाच हात हलवायला लागला. सासरे त्याच्याकडे बघत राहिले आणि हळूच सुनेला म्हणाले, "याला पण आहे का गं?"

मग बाईंनी त्यांना जमतं ते केलं. सासऱ्यांच्या हातात पेन्सिल दिली, भिंतीवर मोठा कागद लावला आणि टेबलापासून तोंडापर्यंत एक रेघ ओढायला सांगितली. रेघ खाली नुसती थरथरत होती. कोपर टेबलावरून सुटलं की लाटा व्हायच्या, आणि तोंडाजवळ येताच नुसते डोंगर. पुन्हा काढली, पुन्हा तसंच. अडचण कुठे आहे हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मॅडम, मग ओठाजवळच काहीतरी करायला पाहिजे," एक मुलगी म्हणाली. तिच्या दप्तरात कायम पक्कड असायची, म्हणून तिचं नावच पक्कड पडलं होतं. अभिनयात ती दगड होती. दगडाचं काम दिलं तरी सर म्हणायचे, तू दगड वाटत नाहीस.

सासऱ्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "जहाजावरचं घड्याळ उघडलंयस कधी?" त्यांनी विचारलं. "मी एक उघडलं होतं. जहाज डुलतं, घड्याळ डुलत नाही. एकात एक दोन कड्यांत टांगलेलं असतं, आणि बुडाला वजन."

पक्कड त्या दिवशी जेवायला घरी गेली नाही.

पुढचे आठवडे कॉलेजात रात्र थोडी सोंगं फार अशी गत झाली. सहा मुलं काळे कपडे घालून हाताचे सांधे झाली. एक मुलगी थरथर झाली. एकाला काळ व्हायचं होतं. त्याला मंचाच्या मागून हळूहळू चालत जायचं काम मिळालं. बाईंची ती रेघ सरांना फार आवडली. त्यांनी तिचा फोटो काढून पडद्यावर मोठा केला आणि मागे व्हायोलिन लावलं. ती रेघ कशासाठी काढली होती, हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पक्कड मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन बसायची. पहिला कप फुटला. दुसरा एवढा जड झाला की सासरे म्हणाले, यानं मी चोर मारीन. तिसऱ्याला तिनं पितळेची दोन कडी लावली, कपाच्या बुडात शिसं बंद केलं आणि मुठीजवळ एक लहानशी खीळ बसवली. मूठ कितीही हलली तरी कप मधे सरळ राहायचा. ओठांपाशी आला की अंगठ्यानं खीळ दाबायची, म्हणजे तो तोंडाकडे कलायचा. सासऱ्यांनी भिंग लावून खीळ पाहिली आणि अर्धा केस कमी कर म्हणून परत दिली. त्या महिनाभरात ते पूर्वीसारखे कुरकुर करायला लागले होते. बाईंना त्या कुरकुरीनं बरं वाटायचं.

तालमीच्या आठवड्यात पक्कडनं पुरा झालेला कप वर्गात आणला.

हिरो मंचावर म्हातारा झाला होता. त्याच्या हातात हा कप दिला, खरा चहा ओतला. व्हायोलिन सुरू झालं. हिरो थरथरला, चहा सांडला नाही. आणखी जोरात थरथरला. मग गदागदा हलला, अंगात आल्यासारखा. कप आपला मधे शांत, जसा काही त्याचा या माणसाशी संबंधच नव्हता. मुलं टाळ्या वाजवायला लागली.

"थांबवा!" श्वास सर ओरडले. श्वास घ्यायलाही विसरले. "हे काय आहे?"

"कप आहे, सर," पक्कड म्हणाली. "चालतोय."

"तोच तर प्रॉब्लेम आहे! चहा सांडला नाही तर म्हातारा कोसळणार कशाला? तो कोसळला नाही तर काळ येणार कशाला? अकराव्या मिनिटाला लोकांनी रडायचंय. याच्या हातात तू चालणारा कप दिलास! क्लायमॅक्स मेला." गोळी लागली तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा पडला नसेल.

प्राचार्य दारात उभे होते. ते म्हणाले की प्रक्रिया महत्त्वाची, वस्तू दुय्यम, आणि समितीच्या तक्त्यात समानुभूतीला साठ गुण आहेत, वस्तूला पाच. "मॅडम, वर्ग तुमचा आहे. तुम्ही ठरवा," असंही म्हणाले. ठरवण्यासारखं त्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

पक्कड बाईंकडे बघत होती. बाईंना आठ वर्षांतले आठ मोकळे महिने आठवले. पाण्यात राहून माशाशी वैर करायला त्यांच्याकडे दुसरं तळं नव्हतं.

"कप कपाटात ठेव," त्या म्हणाल्या. "सादरीकरण झालं की देऊ बाबांना. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

पक्कडनं कप दिला. बाईंनी ड्रॉइंगच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, हे त्यांना कळत होतं. स्वतःची त्यांना लाज वाटली.

घरी सासऱ्यांनी विचारलं, "झाली का खीळ?"

"होतेय, बाबा. त्या दिवशीच मिळेल."

ते ऐकून सासऱ्यांनी एक गोष्ट केली जी बाईंना माहीत नव्हती. त्यांनी शेजारच्या मुलीकडून फोन लावून घेतला आणि टेलर, चष्मेवाला, छापखानेवाला या तिघांना कार्यक्रमाला बोलावलं. कशाचा कार्यक्रम ते सांगितलं नाही. म्हणाले, या, गंमत आहे.

सादरीकरणाच्या दिवशी समितीचे तिघे पुढच्या टेबलाशी बसले. चष्मा लावलेल्या एक बाई पेन उघडून तयार होत्या, एक गृहस्थ तक्ता चाळत होते, आणि तिसऱ्यांनी डोळे मिटले होते, ते श्वासासाठी की झोपेसाठी हे तेव्हा कळलं नाही. टेबलावर त्यांच्यासाठी चहाचा थर्मास होता. दुसऱ्या रांगेत चार म्हातारे ओळीनं बसले होते, मधे सासरे, कोट घालून, बूट पॉलिश करून. बाईंनी विंगेतून ते चौघे पाहिले आणि पर्समधली किल्ली चाचपली.

दिवे गेले. सगळ्यांनी श्वास घेतला. सांधे आले, थरथर आली, पडद्यावर रेघ उमटली. हिरोनं काम अप्रतिम केलं, यात वादच नाही. सासऱ्यांची मान, सासऱ्यांचं चोरून भिंतीकडे बघणं, सगळं त्यानं हुबेहूब उचललं होतं. मग सूत्रधार झालेली मुलगी पुढे येऊन म्हणाली, "त्यांनी मित्रांना सांगितलं, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. ते खोटं होतं." कधीतरी तालमीत, काम जिवंत व्हावं म्हणून, बाईंनीच ते सांगितलं होतं.

टेलरनं मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यानं पाहिलं. सासरे समोर बघत राहिले. मांडीवरचा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं दाबून धरला होता, आणि दोन्ही हलत होते.

मंचावर कप सांडला. त्यातून दहा मीटर निळं कापड निघालं आणि प्रेक्षकांवरून लहरत गेलं. चहा निळा का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. प्राचार्यांनी डोळे पुसले. समितीच्या बाईंनी डोळे पुसून गुण लिहिले. टाळ्या थांबेनात.

श्वास सर घामाघूम होऊन मंचावर आले आणि "आपला खरा नायक" म्हणून त्यांनी सासऱ्यांना वर बोलावलं. त्यांच्या हातात माइक दिला. माइक हलायला लागला, स्पीकरमधून खडखड आवाज येऊ लागला.

"ऐका," सर हळव्या आवाजात म्हणाले. "हा आवाज ऐका."

"छान केलं पोरांनी," सासरे म्हणाले. "कप कुठाय?"

थोडं हसू झालं. सर म्हणाले, "बाबा, कप हे एक प्रतीक आहे."

"असेल. पण मी त्याला दोन कडी लावून घेतलीत. खिळीचं काम राहिलं होतं."

"आज आपण प्रक्रियेचा उत्सव..."

"मला चहा प्यायचाय," सासरे म्हणाले. आवाज चढला नव्हता. घड्याळ कधी मिळेल म्हणून विचारायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, तसं साधं विचारत होते ते.

प्राचार्य पहिल्या रांगेतून बाईंना खुणा करत होते, यांना खाली घ्या, खाली घ्या. बाईंनी पर्समधली किल्ली काढली. ड्रॉइंगची खोली मागच्या बाजूला, तीन दारं सोडून. आठ वर्षांत त्या कॉलेजात त्या कधी धावल्या नव्हत्या, त्या दिवशी धावल्या. परत आल्या तेव्हा सासरे तिथेच उभे होते, आणि सर काहीतरी समजावत होते. बाईंनी समितीच्या टेबलावरचा थर्मास उचलला, झोपलेल्या गृहस्थांच्या नाकासमोरून, आणि मंचावर जाऊन कप काठोकाठ भरला.

"बाबा, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

सासऱ्यांनी कप घेतला. मूठ हलत होती, कडी हलत होती, चहा हलत नव्हता. ओठांपाशी नेऊन त्यांनी खीळ दाबली आणि एक घोट घेतला. मग दुसरा. घाई अजिबात नव्हती. आठ महिन्यांचा चहा ते पीत होते. सभागृहात कोणाला काय करावं कळेना. पहिल्या घोटाला एकानं टाळी वाजवली ती एकटीच पडली. चौथ्या घोटाला मागच्या रांगा फोन बघायला लागल्या. समितीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. काळाचं काम करणारा मुलगा आपण परत यायचं का असं विंगेतून विचारत होता. रडत होती ती फक्त पक्कड, दारामागे उभी राहून, नाक पुसायला हातात पक्कड.

कप रिकामा झाल्यावर सासऱ्यांनी तो उलटा करून दाखवला.

"काय रे," टेलर दुसऱ्या रांगेतून ओरडला, "डॉक्टरांनी बंद केला होता ना?"

"उठवली बंदी!" सासरे वरून म्हणाले, आणि चौघे म्हातारे असे हसले की समितीतले तिसरे गृहस्थ जागे झाले.

अहवाल दोन आठवड्यांनी आला. पहिली अकरा मिनिटं अत्यंत प्रभावी, असं त्यात लिहिलं होतं. त्यानंतर वापरकर्त्यानं प्रत्यक्ष चहा प्यायल्यामुळे परिणाम ओसरला. शेवट अपेक्षित उंची गाठत नाही. कायम नोकरीची जागा श्वास सरांना मिळाली. बाईंना पुन्हा अकरा महिने मिळाले, तेही प्राचार्यांनी रदबदली केली म्हणून, असं प्राचार्यांनीच सांगितलं.

बाईंनी तो कागद कणकेच्या डब्यामागे ठेवला होता. रविवारी सकाळी सासऱ्यांना तो कसा सापडला देव जाणे. ते कागद धरून ओट्याशी उभे होते. कागद फडफडत होता, वाचायला वेळ लागत होता.

"म्हणजे सांडायला पाहिजे होता," ते शेवटी म्हणाले.

"तसंच काहीतरी, बाबा. जाऊ द्या."

"आणि सांडला असता तर तू कायम झाली असतीस?"

बाईंनी गॅस बारीक केला.

"अगं, मग सांगायचंस ना," सासरे म्हणाले. ते खरोखर चिडले होते. "टेलरच्या कोटावर फुकट सांडला. एक दिवस तुझ्यासाठी सांडला असता."

बाईंना रडू आवरेना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि गॅसकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सासऱ्यांना रडणाऱ्या माणसांचं काय करायचं ते कधीच कळलं नव्हतं. त्यांनी कागद घडी घालून कोटाच्या खिशात टाकला, टेबलावरून कप उचलला आणि पिशवीत ठेवायला लागले. पिशवीचं तोंड हाताला सापडेना. बाईंनी येऊन ते उघडं धरलं.

"कागद कशाला नेताय?" त्यांनी विचारलं.

"टेलरला वाचून दाखवतो. त्या तिघांनाही कळू दे, मी काय नासवलं ते."

आणि ते गेले. दहा वाजायला पाच मिनिटं कमी होती, आणि टेलरच्या दुकानापर्यंत चालायला त्यांना आता सात लागायची.